मोटारीची दुसरी किल्ली



आपल्या जुन्या घरांतून किल्ल्यांचा जुडगा ही मोठ्या अधिकाराची वस्तु मानली जात असे. कोठीच्या खोलीची, तिजोरीची, फडताळाची अशा पांचसात किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला खोंचलेल्या असत, आणि ज्या दिवशीं त्या सुनेच्या हातीं येत, त्या दिवशीं घराचा कारभार बदलला हें शेजाऱ्यांनाहि न सांगतां कळे. आज मला ज्या किल्लीविषयीं बोलावयाचें आहे, ती इतक्या मानाची नव्हे. ती मोटारीची, आणि तीहि जुन्या मोटारीची आहे. परंतु गेल्या उन्हाळ्यांत तिनें मला नांदेड आणि लातूर यांच्या दरम्यान ज्या खेपा घालावयास लावल्या, त्यांत जें कांहीं शिकावयास मिळालें, तें आपल्याहि उपयोगीं पडेल असें वाटतें. कारण हल्लीं आपल्या शहरांतून ज्या मोटारी घरोघर येतात, त्यांतील पुष्कळशा आधीं दुसऱ्या कोणाच्या दारीं राहून आलेल्या असतात.

मीं ही मोटार दोन वर्षांपूर्वीं लातुरांत घेतली. तिच्या क्रमांकाच्या आरंभीं एम्. एच्. २४ आहे, आणि आमच्या नांदेडच्या गाड्यांवर एम्. एच्. २६ असतें, त्यामुळें आमच्या दारांत गाडी पाहून ‘लातूरचे पाहुणे आले वाटतं’ असें शेजारी अजूनहि म्हणतात. एकाच राज्यांत मालक बदलला तर क्रमांक बदलत नाहीं, हें त्यांना ठाऊक नाहीं असें नाहीं. परंतु थट्टेला तेवढें निमित्त पुरतें. गाडी एका सुशिक्षित कुटुंबांतील होती. वडील वारल्यावर मुलानें ती विकावयास काढली. नियमाप्रमाणें नमुना २९ आणि नमुना ३० यांवर सह्या झाल्या, नोंदणीचें पुस्तक माझ्या नांवावर झालें, विम्याचे कागद आले. या सर्व गडबडींत किल्ली एकच मिळाली. ‘दुसरी कुठंतरी आहे, सांपडली कीं पाठवतों’ असें मुलानें सांगितलें, आणि मींहि ‘असूं द्या’ म्हटलें. सरकारी नमुन्यांत पुस्तक आणि विमापत्र हवालीं केल्याचा उल्लेख असतो. किल्ल्यांचा रकाना त्यांत नाहीं. माझ्याहि मनांत तो नव्हता.

वैशाख महिन्यांत माझ्या वडील बहिणीच्या डोळ्याचें, मोतीबिंदूचें, ऑपरेशन लातुरांत झालें. चौथ्या दिवशीं तिला घेऊन मी नांदेडला निघालों. चाकूर मागें पडलें, अहमदपुरांत आम्ही चहासाठीं थांबलों. ऊन असें होतें कीं गाडीच्या दाराला हात लागला तरी चटका बसावा. ताई सावलींत गाडींतच बसून होती. परत येऊन मीं किल्ली फिरविली, ती नेहमीपेक्षां जरा जड लागली म्हणून थोडा जोर केला, आणि हातांत राहिलें तें नुसतें प्लॅस्टिकचें डोकें. धातूचें पातें कुलपांतच अडकून राहिलें. ही उघडमिटीची किल्ली होती. पातें ज्या बारीक खिळीवर फिरतें ती खिळी आणि तिच्याभोवतालचें प्लॅस्टिक अनेक उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन गेलें होतें.

चहाच्या हॉटेलाशेजारीं मोटारसायकली दुरुस्त करणारा एक तरुण होता. त्यानें पकड आणली, पात्याचें टोंक धरून फिरविलें. इंजिन सुरू झालें. आम्हीं सुटकेचा निःश्वास टाकला. आणि दोन क्षणांत तें बंद पडलें. पुन्हां तसेंच, तिसऱ्यांदां तसेंच. समोरच्या फलकावर किल्लीच्या आकाराचा एक तांबडा दिवा लुकलुकूं लागला. मी तें तुटलेलें डोकें निरुपयोगी समजून बाजूला ठेवीत होतों, तोंच तो म्हणाला, “काका, ते मुंडकं टाकूं नका. गाडीचा जीव त्यातच आहे.” त्यानें तें डोकें कुलपाच्या अगदीं कडेला टेकवून धरलें, दुसऱ्या हातानें पकड फिरविली, आणि इंजिन चालूं झालें तें चालूंच राहिलें. मग सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापून त्यानें तें डोकें तेथेंच बांधून दिलें. पैसे घ्यावयास तो तयार नव्हता. ताईनें रागावून दिले तेव्हां घेतले. अशा बांधलेल्या अवस्थेंत, लोह्याला न थांबतां, आम्ही नांदेड गाठलें. वाटेंत इंजिन बंद करण्याचें धाडस मला झालें नाहीं.

तो तरुण बोलला तें अक्षरशः खरें होतें. मीं आयुष्यभर महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविलें, आणि रोज हातांत घेत असलेल्या किल्लीचें रहस्य मला अहमदपूरच्या रस्त्यावर कळलें, हें सांगतांना थोडी लाज वाटते. या किल्लीच्या डोक्यांत दोन स्वतंत्र वस्तु असतात, आणि लोक त्यांचा नेहमीं घोटाळा करतात. पहिली म्हणजे रिमोट. त्याच्या कळा दाबल्या म्हणजे दारें उघडतात आणि मिटतात. हा खरोखर एक छोटासा रेडिओ-प्रक्षेपक आहे. सामान्यतः ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास त्याची लहर असते, म्हणजे आपण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्यें जीं एफ्. एम्. केंद्रें ऐकतां त्यांच्या कितीतरी वर. त्याला सेल लागतो. बहुधा तो सी. आर. २०३२ या नांवाचा चपटा सेल असतो. त्यांतील २० हा आंकडा वीस मिलिमीटर व्यासाचा, आणि ३२ हा ३·२ मिलिमीटर जाडीचा. कळ दाबूनहि दार दुरून उघडेनासें झालें, जवळ जावें लागूं लागलें, कीं सेल संपत आला असें समजावें.

दुसरी वस्तु म्हणजे चिप. तांदळाच्या दोनतीन दाण्यांएवढा तो एक काळा तुकडा असतो, आणि त्याला सेल नसतोच. मग तो बोलतो कसा? किल्ली जेथें घालतात त्या भोंकाभोवतीं बारीक तांब्याच्या तारेचें एक वेटोळें बसविलेलें असतें. किल्ली फिरवितांच त्यांतून सुमारें १२५ किलोहर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह वाहूं लागतो. ही लहर इतकी संथ कीं मध्यमलहरींवरील आपलीं केंद्रें जेथून सुरू होतात त्या ५३१ किलोहर्ट्झच्याहि ती बरीच खालीं आहे. फॅरडेनें १८३१ सालीं जें प्रवर्तन दाखवून दिलें, त्याच नियमानें चिपमधील सूक्ष्म वेटोळ्यांत क्षणभर वीज उत्पन्न होते, आणि तेवढ्या उसन्या विजेवर चिप आपला गुप्त संकेत सांगते. तो इंजिनाच्या संगणकाला पटला तर इंजिन चालूं राहतें. न पटला तर संगणक इंधन किंवा ठिणगी बंद करतो. पातें बरोबर असून इंजिन दोन क्षणांत कां मेलें, याचें उत्तर हें होय. पातें म्हणजे दाराशीं झालेली ओळख. संकेत म्हणजे घरांत घेण्याची परवानगी. आणि हें संभाषण कांहीं बोटांच्या अंतरावरच होऊं शकतें, म्हणून तें डोकें कुलपापाशीं बांधावें लागलें. यावरून हेंहि लक्षांत येईल कीं अशा किल्लीचा सेल संपला तरी गाडी सुरू होण्यास प्रत्यवाय नाहीं. ज्या नव्या गाड्यांना किल्ली फिरवावीच लागत नाहीं, नुसतें बटण असतें, त्यांचाहि सेल संपला तर किल्ली त्या बटणालाच किंवा कंपनीनें नेमून दिलेल्या जागीं टेकवावी. बहुतेक गाड्या सुरू होतात.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत केटरिंग याचा विजेचा स्टार्टर आला, तोंपर्यंत हँडल मारणें हाच राजमार्ग होता. १९४९ सालीं क्रायस्लर कंपनीनें किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करण्याची सोय केली. तारा जुळवून गाडी पळविणें चोरांना मग पुष्कळ वर्षें सोपें गेलें. १९८६ सालीं अमेरिकेंतील कॉर्व्हेट गाडीच्या किल्लींत एक विद्युत्रोधक बसविण्यांत आला. त्याचे प्रकार अवघे पंधरा होते, म्हणजे चिकाटीच्या चोराला पंधरा किल्ल्या पुरत. युरोपांत १ ऑक्टोबर १९९८ पासून सर्व नव्या मोटारींना संकेताचें कुलूप सक्तीचें झालें. तेंहि अभेद्य नाहीं. २००५ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील संशोधकांनीं त्या वेळच्या एका प्रचलित चिपचा संकेत उकलून दाखविला. कुलूपवाला आणि चोर यांची ही शर्यत कुलपाइतकीच जुनी आहे. आपण मध्यें सांपडतों.

आतां नांदेडची हकीकत. प्रथम मी रीतसर कंपनीच्या दुकानांत गेलों. तेथें मला आदरानें सांगण्यांत आलें कीं नोंदणीचें पुस्तक, ओळखपत्र आणि दोन्ही किल्ल्या आणाव्यात. किल्ली बाहेरून मागवावी लागेल. तीन आठवडे लागतील. ‘दोन्ही किल्ल्या असत्या तर मी आलों कशाला असतों?’ असें मला म्हणावयाचें होतें, पण समोरचा मुलगा नातवाच्या वयाचा होता. त्यानें सांगितलेली रक्कम ऐकून मी घरीं आलों.

नांदेडकरांना चावीवाले सरदारजी कोणी सांगावयास नकोत. खांद्यावर कोऱ्या किल्ल्यांचें मोठें कडें खुळखुळवीत गल्लीबोळांतून फिरणारे शिकलगार शीख आपण सर्वांनीं पाहिले आहेत. नांदेडला, लातुरला, परभणीला त्यांच्या वस्त्या आहेत. सैकल म्हणजे शस्त्राला दिलेली झिलई. ती देणारा तो सैकलगर, आणि त्याचा अपभ्रंश शिकलगार. आपल्या पूर्वजांनीं गुरूंच्या फौजेचीं शस्त्रें घडविलीं असें हे लोक अभिमानानें सांगतात. गुरु गोविंदसिंगांचें देहावसान १७०८ सालीं याच नांदेडांत झालें, आणि गोदावरीकांठचें हें गांव शीख जगाच्या नकाशावर कायमचें आलें. तेव्हां तलवारींना धार लावणाऱ्यांचे वंशज येथें किल्ल्या घडवीत बसलेले दिसावेत यांत नवल नाहीं. नवल वाटलें तें दुसऱ्याच गोष्टीचें. वजिराबादेकडे मला ज्यांच्याकडे पाठविण्यांत आलें, त्या गृहस्थांचे वडील कानस आणि चिमटा घेऊन झाडाखालीं बसत. हे स्वतः एका अरुंद दुकानांत किल्ली कापण्याचें विजेचें यंत्र आणि मांडीवरचा संगणक घेऊन बसतात.

त्यांनीं पहिलाच प्रश्न विचारला, “सर, बुक दाखवा.” नोंदणीचें पुस्तक आणि माझें ओळखपत्र पाहून, वहींत नांव, क्रमांक आणि तारीख लिहून, माझी सही घेतल्यावरच त्यांनीं किल्लीला हात लावला. “गाडी चोरीला गेली कीं पोलीस पहिल्यांदा आमच्याच दारांत येतात,” ते म्हणाले. या वहीनें त्यांचें रक्षण होतें, आणि माझेंहि. जो कारागीर आपल्याजवळ कागद मागत नाहीं, तो उद्यां दुसऱ्याजवळहि मागणार नाहीं. त्याच्याकडे आपल्या गाडीची किल्ली देऊं नये, असें माझें मत झालें आहे.

डोक्याची दुरुस्ती अर्ध्या तासांत झाली. रिमोटची पट्टी नव्या खोळींत बसली. जुन्या खोळीच्या कोंपऱ्यांत चिकटलेली चिप त्यांनीं सुरीच्या टोंकानें इतक्या हळुवारपणें काढली, कीं मला आमच्या ताईच्या डोळ्याच्या डॉक्टरांची आठवण झाली. नवी खोळ बसवून जुनी चिपेसकट केरांत टाकणारे पुष्कळ असतात, आणि मग गाडी बिघडली म्हणून मेकॅनिककडे ओढून नेतात असें ते म्हणाले.

मग मीं दुसरी किल्ली करून मागितली. विम्याचा एक कागद वाचून मला कळलें होतें कीं गाडी चोरीस गेली तर विमा कंपनी सर्व किल्ल्या मागते. एक कमी पडली तर ‘ती कोठें गेली?’ या प्रश्नाला उत्तर द्यावें लागतें. सरदारजींनीं पायाजवळच्या जोडणींत आपली तार लावली, संगणकाच्या पडद्याकडे पाहिलें, आणि पडदा माझ्याकडे वळविला. गाडीच्या स्मृतींत तीन किल्ल्यांची नोंद होती.

माझ्याजवळ एक होती. म्हणजे माझ्या दारांतली गाडी सुरू करूं शकतील अशा दोन किल्ल्या जगांत कोठेंतरी होत्या, आणि दोन वर्षें मी निर्धास्त झोंपत होतों. गाडी नवी येते तेव्हां तिच्याबरोबर बहुधा दोनच किल्ल्या असतात. तिसरी कोणी तरी मागाहून करविली होती. सरदारजी शांतपणें म्हणाले, “सगळ्या पुसतां येतात. ज्या समोर असतील तेवढ्याच पुन्हां लिहायच्या. बाकीच्यांनीं मग गाडी चालू होणार नाहीं.” आणि जातां जातां त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. माझ्या किल्लीचे दाते झिजले होते. झिजलेल्या किल्लीवरून केलेली नक्कल जन्मतःच झिजलेली असते, आणि कुलपांत अडते. नव्या गाडीबरोबर धातूची एक लहान चकती मिळते, तिच्यावर किल्लीचा क्रमांक असतो. त्यावरून मूळ माप काढतां येतें. ती चकती माझ्याजवळ नव्हती. “न वापरलेली दुसरी चावी मिळाली तर बघा. तिच्यावरून कापतों.”

मीं लातुरला फोन केला. मुलाचा आवाज जरा अवघडलेला वाटला. तिसऱ्या किल्लीविषयीं त्याला खरोखरच कांहीं ठाऊक नव्हतें. वडिलांच्या वेळीं दोनतीन ड्रायव्हर येऊन गेले होते एवढेंच तो सांगूं शकला. दुसरीविषयीं म्हणाला, “सर, ती आईजवळ आहे. आपण येऊन बोलाल का?”

पुढच्या रविवारीं मी गेलों. गंजगोलाईच्या त्या सोळा रस्त्यांत मी दरवेळीं एकदां तरी चुकतों, त्याप्रमाणें चुकून त्यांच्या घरीं पोंचलों. बाईंनीं चहा केला, ताईच्या डोळ्याची चौकशी केली, आणि मग आपणहूनच कपाटांतून एका कोटाच्या खिशांत हात घालून किल्ली काढली. कोट त्यांच्या यजमानांचा होता. त्यांना जुडग्यापासून वेगळी अशी ही किल्ली कोटाच्या आंतल्या खिशांत ठेवण्याची संवय होती. ते गेल्यावर कोट कोणाला द्यावा असें घरांत निघालें, तेव्हां बाईंनीं तो दिला नाहीं, आणि किल्लीहि तशीच राहिली. गाडी विकतांना मुलानें मागितली होती. ‘सांपडत नाहीं’ असें त्यांनीं सांगितलें होतें. हें सर्व त्यांनीं माझ्यासमोर, मुलासमोर, खालीं पाहून सांगितलें. किल्लीवर एकहि ओरखडा नव्हता.

दोन वर्षें मीं मनांतल्या मनांत त्या मुलाला बेफिकीर म्हणत होतों. काय बोलावें तें मला सुचेना. शेवटीं मीं म्हटलें, “काकू, ही मला चार दिवस द्या. हिच्यावरून दुसरी करून घेतों आणि ही परत आणून देतों. पण एक आहे, हिनें पुढें गाडी सुरू होणार नाहीं.”

त्या म्हणाल्या, “मला कुठं चालवायची आहे?” मग किल्ली माझ्या हातावर ठेवून पुन्हां विचारलें, “पण परत आणून द्याल ना?”

नांदेडला सरदारजींनीं त्या किल्लीवरून दोन पातीं कापलीं. एक माझ्या जुन्या डोक्याला बसविलें, दुसरें नव्या किल्लीला. मग तिन्ही नोंदी पुसल्या आणि माझ्या दोन किल्ल्या लिहिल्या. पडद्यावर दोनचा आंकडा दिसला तेव्हां मीं तो दोनदां वाचून घेतला. त्यांनीं एक इशारा मात्र दिला: संकेत पुसला तरी पात्याचे दाते तेच आहेत, तेव्हां काकूंच्या किल्लीनें आणि त्या बेपत्ता तिसरीनेंहि दार उघडेलच, तेंहि नको असेल तर कुलपें बदलावीं लागतील, आणि त्याला खर्च आहे. मीं घरीं येऊन पत्नीला विचारलें. ती म्हणाली, गाडींत चोरण्यासारखें काय आहे, एक छत्री आणि तुमचा जुना चष्मा. कुलपें तशींच ठेवलीं. नव्या दोन किल्ल्यांपैकीं एक माझ्याजवळ असते, दुसरी आमच्या कपाटांत विम्याच्या कागदांबरोबर ठेवली आहे. तिचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी घरांत वेगळी ठेवली आहे.

ताईला टांके पाहण्यासाठीं पुढच्या महिन्यांत लातुरला न्यावयाचें होतेंच. त्या खेपेला औसा रस्त्याच्या बाजूनें आम्ही काकूंकडे गेलों. मीं किल्ली परत दिली. त्यांनीं ती पदरानें पुसली आणि मुलगा समोर असतांनाच कपाट उघडून कोटाच्या आंतल्या खिशांत ठेवली. निघतांना त्या दारापर्यंत आल्या, गाडीकडे पाहिलें, आणि ताईला म्हणाल्या, “मागच्या काचेचं बटण जरा दाबून धरावं लागतं, नाहीं तर काच खालीं येत नाहीं. यांना सांगायचं राहिलं असेल.” तें खरोखरच राहिलें होतें. दोन वर्षें आम्ही ती काच बिघडली आहे असेंच समजत होतों.